मामांचे चूर्ण कायदेशीर, मग पेमेंट कंपनी नको का म्हणते?

प्रश्न : मी विष्णुपुरीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. माझ्या मामांचा आयुर्वेदिक चूर्णे आणि तेले बनवण्याचा छोटा कारखाना आहे. सरकारी परवाना आहे, जीएसटी नंबर आहे, इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. सुट्टीत मी त्यांच्यासाठी वेबसाइट तयार केली. लोकांनी तिथेच कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरावेत म्हणून एका पेमेंट कंपनीकडे अर्ज केला, तर उत्तर आले, 'तुमचा व्यवसाय आमच्या धोरणात बसत नाही.' कारण विचारले तर पुन्हा तेच वाक्य. इकडे कॉलेजसमोरच्या पानटपरीवर क्यूआर कोड लटकतो, बिअर शॉपीत कार्ड चालते. तंबाखू चालते, दारू चालते आणि औषध चालत नाही, हा कुठला न्याय? (एक वाचक, विष्णुपुरी, नांदेड)

उत्तर : तुमचा राग समजतो, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. आधी पानटपरीचा गुंता सोडवू, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

टपरीवर गिऱ्हाईक समोर उभे असते. पैसे त्याच्या बँक खात्यातून निघून थेट टपरीवाल्याच्या बँक खात्यात पडतात, स्पीकर ओरडून तसे सांगतो आणि पान लगेच हातात येते. भांडण व्हायचेच असेल तर तिथेच होते आणि तिथेच मिटते. बिअर शॉपीतही तसेच. कार्ड यंत्रात घातले, पिन दाबला, बाटली घेतली. 'ते कार्ड मी वापरलेच नाही' असे म्हणायला महिन्याभराने जागा उरत नाही. तुमच्या वेबसाइटवर मात्र गिऱ्हाईक गडचिरोलीत, चूर्ण नांदेडात आणि मध्ये कुरिअर. पैसे आज, माल चार दिवसांनी. शिवाय ते पैसे थेट मामांच्या खात्यात जात नाहीत. ते आधी पेमेंट कंपनीच्या नावाने बँकेत उघडलेल्या एस्क्रो खात्यात जमा होतात, आणि तिथून ठरलेल्या मुदतीत मामांकडे येतात. अशा मधल्या कंपनीला रिझर्व्ह बँकेच्या भाषेत पेमेंट ॲग्रिगेटर म्हणतात.

म्हणजे ही कंपनी नुसती पैसे वाहून नेणारी नसते. पतसंस्थेच्या कर्जाला सही करणाऱ्या जामीनदाराची जागा तिची असते. कर्जदाराने हप्ते भरले तर जामीनदाराला कोणी विचारत नाही. थकवले तर वसुलीवाला पहिल्यांदा त्याच्याच दारात येतो. मामांनी माल पाठवला नाही, किंवा गिऱ्हाइकाने 'पाठवला नाही' अशी तक्रार केली, तर गिऱ्हाइकाची बँक पैसे परत मागते. ते कार्डाच्या जाळ्यातून, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेमार्फत, दुकानदाराच्या बाजूच्या बँकेकडून आणि तिच्याकडून पेमेंट कंपनीकडून वसूल होतात. या व्यवहाराला चार्जबॅक म्हणतात. कंपनीने ते मामांकडून वसूल करायचे. मामा सापडले तर ठीक, नाही तर पदरचे गेले.

आता या जामीनकीचे मानधन किती, ते पाहू. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारावर साधारण दोन टक्के आकार लागतो. सहाशे रुपयांच्या डब्यावर बारा रुपये. त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या बँकेला आणि कार्डाच्या जाळ्याला जातो. समजा कंपनीच्या हाती तीन रुपये उरले. एका डब्याचे सहाशे रुपये बुडाले, तर ते भरून काढायला दोनशे डब्यांचा निर्वेध व्यवहार लागेल. आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून एमडीआर नावाचा आकार घेताच येत नाही. मिळकत इतकी बारीक आणि जोखीम पूर्ण रकमेची, अशा धंद्यात माणूस गिऱ्हाईक निवडून घेतो. पेमेंट कंपन्यांच्या पुष्कळ नकारांच्या मुळाशी हा हिशेब असतो. आपल्याला वाटते की कोणीतरी आपल्या धंद्याला नाक मुरडले. पुष्कळदा नाक कोणी मुरडलेले नसते, नुसती बेरीज केलेली असते.

ही बेरीज किती दूरवर जाते, ते लातूरच्या उदाहरणाने चांगले कळते. परीक्षांच्या तयारीचा लातूर पॅटर्न आपल्याकडे घराघरात माहीत आहे. तिथल्या ट्युशन एरियात जूनमध्ये वर्षभराची फी भरली जाते आणि शिकवणी पुढच्या परीक्षेपर्यंत चालते. शिकवणी घेणे यात बेकायदा काही नाही, वादग्रस्तही काही नाही. तरीही पेमेंट कंपनी अशा अर्जाकडे जरा जास्त निरखून पाहते. कार्डाच्या नियमांत बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते. पण सेवा पुढे कधीतरी मिळायची असेल, तर ती मुदत सेवा मिळायच्या दिवसापासून धरली जाते. एकूण मर्यादा जवळजवळ दीड वर्षाची. क्लास डिसेंबरात बंद पडला तर जूनमध्ये भरलेल्या फीची तक्रार तेव्हाही येऊ शकते, आणि तोवर संचालकांच्या खात्यात काही उरलेले नसते. विमान कंपन्यांचे तेच. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने उड्डाणे थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा पुढच्या तारखांची तिकिटे काढलेले प्रवासी परताव्यासाठी धावले. म्हणून प्रवास, शिकवणी, वर्षभराचे जिम, लग्नाचे हॉल यांच्याकडे जोखमीचे धंदे म्हणून पाहिले जाते. त्यांना सरसकट नकार मिळतो असे नाही, पण काही रक्कम कंपनी राखून ठेवते किंवा पैसे उशिरा सोडते.

तक्रारींचे प्रमाण वाढत गेले तर कार्डाची जाळी दंड लावतात, आणि तो दंडही वरून खाली उतरत कंपनीपर्यंत येतो. ज्या दुकानदाराचे काम अशा कारणाने बंद केले जाते, त्याचे नाव मास्टरकार्ड एका यादीत ठेवते. ते तिथे पाच वर्षे राहते. दुसऱ्या कंपनीकडे गेला तरी आधी ती यादी पाहिली जाते.

इथवर पैशाची जोखीम झाली. कायद्याची जोखीम त्याहून जड आहे, आणि 'परवाना आहे म्हणजे झाले' हा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रिगेटरवर थेट जबाबदारी टाकली : दुकानदाराची पूर्वपीठिका तपासा, गिऱ्हाइकांना फसवण्याचा त्याचा हेतू नाही ना ते पाहा, तो बनावट किंवा बंदी असलेला माल विकत नाही याची खात्री करा. त्याच्या जोडीला मनी लाँडरिंगविरोधी कायदा, २००२ आहे. संशयास्पद व्यवहार कळवला नाही तर दोष न कळवणाऱ्यावर. १ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने पेटीएम पेमेंट्स बँकेला ५ कोटी ४९ लाख रुपयांचा दंड केल्याचे जाहीर झाले. ऑनलाइन जुगारासह बेकायदा उद्योग करणाऱ्या काही संस्थांचा पैसा त्या बँकेतल्या खात्यांतून फिरला होता. जुगार बँकेने खेळवला नव्हता. पैशाची वाट तिच्या खात्यांतून गेली आणि कायद्याने घातलेली दक्षता तिने पाळली नाही, असा ठपका होता. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये चिनी कर्ज ॲपच्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने बंगळुरात रेझरपे, पेटीएम आणि कॅशफ्री यांच्या जागांवर झडती घेतली होती. तपासाचा रोख कर्ज ॲप चालवणाऱ्यांवर होता, पण अधिकारी पोहोचले पेमेंट कंपन्यांच्या दारात. असे एकदा घडले की त्या कंपनीतला नियमपालन विभाग पुढची कित्येक वर्षे प्रत्येक अर्जाकडे साशंकपणे पाहतो.

आता मामांच्या वेबसाइटकडे येऊ. तुम्ही पत्रासोबत तिच्या पहिल्या पानाची छापील प्रत पाठवलीत, हे फार चांगले केलेत. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : 'मधुमेह मुळापासून बरा, खात्रीशीर.' कारखान्याच्या परवान्याने चूर्ण बनवायची मुभा मिळते. हे वाक्य लिहायची मुभा त्यात नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. त्याला जोडलेल्या अनुसूचीतल्या रोगांवर अमुक औषधाने इलाज होतो असे जाहिरातीत म्हणणे गुन्हा ठरतो. त्या अनुसूचीत मधुमेह आहे, कर्करोग आहे, रक्तदाब, संधिवात, लठ्ठपणाही आहे. वेबसाइट ही जाहिरातच. पतंजलीच्या जाहिरातींवरून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण गाजले, त्याच्या मुळाशीही अशाच दाव्यांचा प्रश्न होता. पेमेंट कंपनीतल्या तपासनिसाने मामांचा परवाना पाहिला असेलही. पण त्याची नजर या वाक्यावर अडखळली असणार असे मला वाटते. माल कायदेशीर आणि मालाबद्दल केलेला दावा बेकायदा, अशी ही गोष्ट आहे. त्यात मामांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे भिंतीभिंतींवर असे लिहिलेले दिसते. मात्र तपासणारा हेतू पाहत नाही, मजकूर पाहतो.

मग मजकूर बदलून 'आरोग्यवर्धक चहा' म्हणून अर्ज केला तर? तुमच्या मनात हा विचार आला असेल तर तिथेच थांबा. प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्गक्रमांक मिळतो. औषध दुकानाचा ५९१२, जुगार आणि पैजांचा ७९९५. त्या क्रमांकावरून बँकेला कळते की हा व्यवहार कसला. भलत्या क्रमांकाखाली धंदा चालवणे हा या क्षेत्रातला फार गंभीर अपराध मानला जातो, कारण सट्ट्याची ॲप नेमके तेच करतात. कागदावर कपड्यांचे दुकान आणि आत क्रिकेटचा सट्टा. त्याचाच खालचा प्रकार म्हणजे भाड्याने घेतलेली खाती. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या परिसरात राहणाऱ्या तुमच्यासारख्यांना हे मुद्दाम सांगतो : थोडे पैसे देऊन कोणी तुमचे बँक खाते, एटीएम कार्ड किंवा क्यूआर 'काही दिवस वापरायला' मागितला, तर तो माणूस तुम्हाला जामीनदार करतो आहे, तेही न सांगता. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कोणा फसवलेल्या माणसाची तक्रार गेली की पैशाचा माग काढत पोलिसांचे पत्र तुमच्या खात्यापर्यंत येते. खाते गोठते, आणि पुढची उत्तरे आईवडिलांना द्यावी लागतात. मित्रांनाही हे सांगा.

काही धंदे कायद्याच्या दृष्टीने आज ठीक असतात, पण उद्याचे काही सांगता येत नाही. ड्रीम११चा खेळ कौशल्याचा आहे, जुगार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मानले. पुढे तीच कंपनी भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, सरसकट बंदीची तरतूद त्यात आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याचे पैसे हाताळणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. हे दुसरे कलम तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे. सहा वर्षांत एक धंदा न्यायालयाने मान्य केलेला ते फौजदारी गुन्हा, एवढे अंतर चालून गेला. पैसे पोहोचवणाऱ्याने असा धंदा आधीच टाळला असता तर त्याला भित्रा म्हणावे की दूरदर्शी?

उलटेही घडते. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. धंदेवाल्यांनी पेढे वाटले असतील, पण बँका जुन्याच परिपत्रकाचा हवाला देत राहिल्या. शेवटी ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेलाच लिहून कळवावे लागले की ते परिपत्रक आता लागू नाही, त्याचा दाखला देऊ नका. एवढे होऊनही एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या आभासी चलनाच्या अमेरिकी कंपनीने भारतात यूपीआयने पैसे घ्यायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत ती सोय बंद करावी लागली. न्यायालयात जिंकलेला धंदा पैशाच्या वाटेवर मात्र अडला. नियंत्रकाची नाराजी कागदावर नसली तरी ती ओळखायला बँका शिकलेल्या असतात.

त्यात राज्याराज्यांचे कायदे वेगळे. लॉटरी महाराष्ट्रात चालते, अनेक राज्यांत नाही. कॅसिनो गोव्यात चालतो, सावंतवाडीत नाही. आपल्या राज्यात तर १९७६ पासून कॅसिनोला वाट देणारा एक कायदा पुस्तकात पडून होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो मोडीत काढायचे ठरवले. देशभर एकच यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीला प्रत्येक राज्याचा कायदा पाहत बसण्यापेक्षा सगळा प्रकारच नाकारणे स्वस्त पडते. नकाराच्या ठराविक यादीत म्हणूनच फटाके, तंबाखू, शस्त्रे, लॉटरी, साखळी विक्री, प्रौढांसाठीचा मजकूर, चिठ्ठीशिवाय विकली जाणारी औषधे असे सगळे एकत्र कोंबलेले दिसते. त्या यादीत मामांची तेले कधी औषधांच्या बाजूला पडतात, कधी पडत नाहीत.

राहिला वादग्रस्त धंद्यांचा भाग. इथे मात्र मी कंपन्यांची वकिली करणार नाही. २०१० च्या अखेरीस विकिलीक्सने अमेरिकी सरकारची गोपनीय तारपत्रे उघड केली, तेव्हा व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी तिच्याकडे जाणाऱ्या देणग्या थांबवल्या. कोणत्याही न्यायालयाने तिला दोषी ठरवले नव्हते. २०१३ मध्ये आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या व्हिसाच्या भागीदार कंपनीला करारभंगाबद्दल दोष दिला आणि वाट उघडायला लावली, पण मधली वर्षे गेली ती गेलीच. उलट डिसेंबर २०२० मध्ये एका अश्लील चित्रफितींच्या संकेतस्थळावर बलात्काराच्या आणि अल्पवयीन मुलींच्या चित्रफिती असल्याचे वर्तमानपत्रात आले, आणि व्हिसा-मास्टरकार्डने पैसे थांबवताच त्या संकेतस्थळाने लाखो चित्रफिती उतरवल्या. सरकारांना जे जमले नव्हते ते पैशाच्या वाटेने झाले. ते झाले याचा मला आनंद आहे. तरीही काय चालावे आणि काय बंद पडावे हे ठरवण्याची एवढी ताकद चार-दोन खासगी कंपन्यांच्या हाती असावी, आणि तीही कोणाला उत्तर न देता, हे मला बरोबर वाटत नाही.

कारण रोख व्यवहार मागे पडत चालला तसा पैसे घेण्याचा मार्ग ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. तुम्हाला मिळालेल्या एका वाक्याच्या उत्तरावर माझा खरा आक्षेप तोच आहे. नकार देण्याचा हक्क कंपनीला आहे; करार दोघांच्या संमतीनेच होतो. पण कोणत्या कारणाने, हे लिहून देण्याचे बंधन तिच्यावर असायला हवे. आज दाद मागायलाही फारशी जागा नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत कंपनीच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार चालत नाही, आणि असा नकार बरोबर त्याच खणात टाकला जातो. कारण कळले असते तर मामांनी ते वाक्य दुसऱ्या दिवशी काढून टाकले असते. न कळल्याने प्रामाणिक माणूस आपल्याला चोर समजतात म्हणून खट्टू होतो, आणि चोर मात्र दुसऱ्या नावाने पुन्हा अर्ज करतो.

आता करायचे काय? पहिल्या पानावरचे मधुमेहाचे वाक्य काढा, आणि आतल्या पानांवर 'शंभर टक्के गुण', 'दुष्परिणाम शून्य' असे काही असेल तर तेही. रुग्णांच्या नावाने प्रशस्तिपत्रे छापली असतील तर तीही काढा; तो दावाच दुसऱ्याच्या तोंडून केलेला असतो. प्रत्येक मालाखाली घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, कारखान्याचा पत्ता लिहा. माल किती दिवसांत पोहोचेल, परत कसा करायचा, पैसे किती दिवसांत मिळतील, हे स्वतंत्र पानावर स्पष्ट मराठीत आणि इंग्रजीत ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच त्याची अट आहे, आणि नव्या वेबसाइटवर हटकून तेच पान नसते. मग त्याच कंपनीकडे, झालेला बदल दाखवून, पुन्हा अर्ज करा. तिथे नाही जमले तर मामांचे चालू खाते ज्या बँकेत आहे त्या शाखेत जा. वर्षानुवर्षांची उलाढाल त्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे त्यांना मामांची जोखीम अनोळखी कंपनीपेक्षा कमी दिसते. तोवर माल हातात पडल्यावर पैसे घेण्याची सोय कुरिअरवाले देतात. काही डबे परत येतील, त्याचा भाडेखर्च किमतीत धरा.